हात उचलताना

खोलीत हिरवी चादर भिंतीला, चार खिळ्यांवर.
त्यातला एक रोज निखळतो,
बरोबर रडायच्या जागी.
मुज्तबा एका हातानं चादर धरतो, दुसऱ्यानं मोबाईल
आणि समोरच्या पात्राची वाक्यं वाचतो
बाजारभाव वाचावेत तशी,
"मी-तुला-सोडून-चाललेय-कायमची."
मग दोघंही हसतो,
मग परत पहिल्यापासून.
नाव सांगा. उंची सांगा. डावीकडून. उजवीकडून.
उंची मी एक इंच वाढवून सांगतो.

मुंबईहून एकदा फोन आला,
"चेहरा चांगलाय. ते 'करूलालो' तेवढं काढा."
काढलं.
सहा महिने, विभागामागच्या लिंबाखाली
दातांत पेन्सिल धरून
करतोय, येतोय, जातोय.
लिंबावरच्या साळुंक्याही तोवर शुद्ध झाल्या असतील.
मग दुसरा फोन,
"उदगीरकडचा शिपाई आहे, दोन सीन.
'करूलालो' पाहिजे, पण जरा गमतीशीर."
मी म्हणालो, आमच्याकडं त्यात गंमत नसते.
त्यांनी पुण्याचा कुणी घेतला.

नट रिकामा पाहिजे, धोंडगे सर सांगतात.
रिकामा तर मी आहेच,
मेसचा डबा बारा तारखेपासून बंद आहे.

शलाकानं सांगितलं, घाटीत पेशंट लागतात.
खरे नाही, खोटे.
पोरांची डॉक्टरकीची परीक्षा असते
आणि खरा माणूस तेच दुखणं
सहा वेळा सारखं सांगत नाही.
दिवसाचे चारशे, वर चहा.

कागद मिळाला.
पुरुष, वय बावीस.
काल रात्रीपासून बेंबीपाशी, आता उजवीकडं खाली.
दोन उलट्या. भूक नाही.
'भूक नाही' एवढं वाक्य काही केल्या
तोंडात बसेना.

पहिला माझ्याकडं न बघताच प्रश्न विचारून गेला.
तिसरीनं हात लावण्याआधी तळवे चोळून ऊन केले,
तिला मी मनातल्या मनात पास केलं.
पाचव्याचे हात थरथरत होते.
"वेदना... वेदना नेमकी कुठे होत आहे?"
घसा कोरडा. परीक्षक घड्याळ बघतायत.
मग वाकून, अगदी हळू,
"कुठं दुखूलालं?"

सहा महिने गेले की हो एका दमात.
"हितं," म्हणालो, "हितं दुखूलालं, डॉक्टर."
परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं.
त्या पोराचे हात मात्र थांबले थरथरायचे.

रजिस्टरात सही केली. नावाच्या रकान्यात
पेशंट क्रमांक चार.

रात्री घरी फोन.
वडील अहमदपुरात एकाच दवाखान्यात
तीस वर्षं कंपाउंडर.
माझं एकही नाटक पाहिलेलं नाही.
जेवलास का, एवढं विचारतात
आणि फोन आईकडं देतात.
आज दिला नाही.
"दाबल्यावर वरडलास?"
"हो."
"चुकलं."

मागं बाटल्यांचा आवाज. की ताटांचा.
"दाबताना माणूस सोसतो.
हात एकदम उचलला की कळ येती.
तवा कण्हायचं. मोठ्यानं नाही.
आधी डोळ्यांत येऊ दे,
मग तोंडात."

तीन वर्षांत इतकं नेमकं
मला कुणी सांगितलं नव्हतं.
"उद्या हाय का परत?"
"हाय."
"मग नीट कर,"
आणि ठेवला फोन.

मुज्तबा विचारतो, लाईट घालवू?
थांब जरा.
हिरव्या चादरीखाली पडलोय,
पोटावर आपलाच हात.
दाबतो.
उचलतो.